पान नऊवरची लिली

११ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे लिहीत नाही. सात महिने फोन न उचलणाऱ्या माणसापुढे वाकण्याइतकी माझी पाठ आता चांगली राहिलेली नाही. कामाचं तेवढं लिहिते.

संपादकबाईंनी परवा ऑफिसात बोलावलं होतं. ‘पिल्लाचा पहिला आठवडा’ची नवी आवृत्ती काढायची म्हणतात. फाइल मेच्या पहिल्या आठवड्यात छापखान्यात जाणार. तुझा मजकूर आहे तसाच राहणार, फक्त पान नऊ बदलायचं. पान नऊ कुठलं ते तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण तू ते नीट कधी बघितलंस की नाही याची मला शंका आहे. राखाडी पिल्लू खिडकीत बसलंय, शेजारी काचेच्या बरणीत पांढरी लिली आहे, आणि पिल्लू मान उंच करून फुलाचा वास घेतंय. खाली तुझी ओळ, ‘पिल्लाला खिडकीतून बघायला आवडतं.’ बाई म्हणाल्या, फुलं काढून तेवढं चित्र नवं करून द्या आणि दोघी सह्या करा.

मी नाही म्हटलं. बाईंना वाटलं मी मानधनाचं बोलतेय. तसं काही नाही असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागवलं.

मी नाही म्हटलं, कारण चित्र बदलून दिलं की चूक माझी होती हे आपोआप ठरतं. तू तर ते ठरवूनच बसली आहेस. तुझ्या नातीचं, ठमीचं मांजर भुरी गेली त्या दुपारी तू फोनवर एकच वाक्य बोललीस, “तू मारलंस तिला,” आणि फोन ठेवून दिलास. बाकी सगळं मला तुझ्या मुलाकडून कळलं. ठमीनं आईला आलेल्या गुच्छातली लिली काढली, बरणीत घातली, बरणी खिडकीत ठेवली आणि भुरीला उचलून शेजारी बसवलं. पुस्तक समोर उघडं ठेवून, चित्रात बघत, तसंच्या तसं. सहा वर्षांचं पोर ते. भुरीनं फुलाची पानं चावली आणि तिसऱ्या दिवशी तिची मूत्रपिंडं बंद पडली. लिलीचं पान, पराग, बरणीतलं पाणीसुद्धा मांजराला विष असतं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं.

आता माझं ऐक. याच डॉक्टरांनी छपाईच्या आधी तुझा मजकूर तपासला होता. तपासून त्यांनी एक वेगळा कागद जोडला होता, घरात मांजर असेल तर कोणती झाडं आणि फुलं आणू नयेत याचा. सोळा नावं होती. पहिलंच नाव लिली. त्या कागदावर आडवी रेघ ओढून पेन्सिलीनं ‘गाळावे, मुले घाबरतात’ असं कोणी लिहिलं? ते अक्षर एका अख्ख्या शाळेनं तीस वर्षं फळ्यावर वाचलंय, माझी ओळखण्यात चूक होणार नाही. कागद माझ्याकडे आहे. चित्रं झाल्यावर मजकुराच्या गठ्ठ्याबरोबर आला, तेव्हा मी तो पहिल्यांदा बघितला आणि जपून ठेवला.

माझी अट एवढीच आहे. यादी मी गाळली, असं तुझ्या हातानं लिहून संपादकबाईंकडे दे. दिलंस की चार दिवसांत नवं पान देते. नाही दिलंस तर पान आहे तसं छापलं जाईल. माझ्या चित्राला दुसऱ्यानं ब्रश लावायचा नाही असं करारात आहे, आणि एका मांजरासाठी छपाई थांबणार नाही असं मालकांनी बाईंना साफ सांगितलंय. आठ हजार प्रती निघणार आहेत. त्यातल्या किती घरांत खिडकी असेल आणि किती घरांत मांजर, त्याचा हिशेब तू कर. शिक्षिका तू होतीस.

तुझी धाकटी

२९ मार्च

ताई,

उत्तर नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी रोज दोनदा पेटी उघडून बघते. शेजारीण विचारते, कुणाचं येणार आहे? मी सांगते, बँकेचं.

आपण काम कसं करायचो ते मी हल्ली फार आठवते. तू आधी बारा ओळी लिहायचीस. त्या टाइप होऊन डॉक्टरांकडे जायच्या. डॉक्टर समासात लिहायचे, दूध नको, पाणी द्या, मानेला धरून उचलू नका, वाळूचा ट्रे जेवणाच्या भांड्यापासून लांब ठेवा. तू ते दुरुस्त करायचीस, आणि मग चित्रं. चार पुस्तकं झाली आपली, पण डॉक्टरांना चित्र एकदाही कुणी दाखवलं नाही. एकदा मी म्हटलं होतं, दाखवू या का. तू म्हणालीस, “चित्रात काय तपासायचंय?” ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तक, आणि आपण तपासून घ्यायचो ते फक्त वाचायचं. ह्या शहाणपणाचं हसू यायला हवं, पण येत नाही.

आणि शाळांमधले ते वाचनाचे कार्यक्रम. तू खुर्चीवर, तुझ्यासमोर माइक. मी तुझ्या बाजूला उभी, पुस्तक पोटाशी उघडं धरून, तू मान हलवलीस की पान उलटायचं. मुलं माझ्याकडे बघत असायची, म्हणजे माझ्या पोटाजवळच्या पुस्तकाकडे. एका मुख्याध्यापकांनी आभार मानताना मला ‘बाईंच्या मदतनीस’ म्हटलं. तू हसून हात जोडलेस. तुला आठवत नसेल. मला त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा आठवतं.

मी चित्रं घेऊन तुझ्याकडे यायचे तेव्हा तू ती कशी बघायचीस, ते सांगू? चष्मा कपाळावर. अंगठ्यानं एकेक कागद सरकवायचीस, पत्ते वाटावेत तशी, आणि तुझ्या ओळीला जागा सुटली आहे की नाही एवढं बघायचीस. मग म्हणायचीस, “छान.” चारही पुस्तकांना मिळून तू मला चार वेळा छान म्हणालीस.

हे सगळं लिहायचं नव्हतं. लिहायचं ते वेगळंच होतं. वाचनालयातल्या बाईंचा संपादकबाईंना फोन आला होता. आणखी एका घरात तेच झालं. पाच वर्षांचा मुलगा, पुस्तक वाचनालयातून नेलेलं, फूल शेजारच्यांच्या बागेतलं. त्याच्या आईला आल्या आल्या बरणी दिसली म्हणून ते पिल्लू वाचलं, चार दिवस सलाइनवर होतं. संपादकबाई मला म्हणाल्या, “आता तरी द्या हो पान.”

मी कागद ताणून बसवला. रंग भिजवले. पिल्लाचे कान काढले. मग वाटलं, मी मुकाट्यानं देऊन टाकणार, तू मुकाट्यानं घेणार, आणि पुढच्या कार्यक्रमात तू माइकवर सांगणार की आम्ही ती चूक सुधारली. ‘आम्ही.’ कागद काढून ठेवला.

मी काय करते आहे ते मला कळतं, ताई. तुझ्या चार ओळींसाठी मी कुणाच्या तरी मांजराचा जीव टांगून ठेवला आहे. तू मला हे करायला लावते आहेस, याचाही राग तुझ्याच नावावर लिहिते.

१२ एप्रिल

ताई,

काल तुझा मुलगा येऊन गेला. तुला सांगून आला की न सांगता, ते मी विचारलं नाही. येताना त्यानं संत्री आणली आणि ती ठेवायला जागा शोधत बराच वेळ ओट्यापाशी उभा राहिला. माझ्या दोन खोल्यांत कागदांशिवाय काही नसतं, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, तरी दर वेळी शोधतो.

त्यानं ठमीचं सांगितलं. ती पुस्तक उघडतच नाही म्हणे, शाळेचं सोडून. रोज रात्रीच्या जेवणाला एकदा तरी विचारते, मी बरणी खिडकीत ठेवली नसती तर? आणि तुम्ही सगळे तिला सांगता, नाही गं, तुझं काही चुकलं नाही. मग ती विचारते, मग कुणाचं? आणि तुम्ही वाढायला लागता. तुझा मुलगा म्हणाला, “मावशी, आई तर काही बोलतच नाही. तू पान देऊन टाक. पुस्तक बदललं की निदान तिला दाखवता येईल, हे बघ, चुकीचं होतं ते काढलं.”

मी त्याला म्हटलं, तुझ्या आईनं काय केलंय ते आधी बघ. कपाटातून डॉक्टरांचा कागद काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तुझी पेन्सिल बघितली. यादी वाचली, सोळाच्या सोळा नावं, सावकाश. मग त्यानं कागद उलटा केला.

तुझा हा मुलगा लिफ्ट तपासतो हे मी विसरले होते. पाटीची मागची बाजू बघितल्याशिवाय तो सही करत नाही. दीड वर्ष तो कागद माझ्या कपाटात आहे आणि मी त्याची मागची बाजू एकदाही बघितली नव्हती. दवाखान्यातल्या मुलीनं खाली कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, ‘लेखिकाबाईंच्या बहिणीच्या हाती दिले, ९ ऑक्टोबर.’

तो म्हणाला, “चित्रं ऑफिसात मीच पोचवली होती, माझ्या गाडीतून. नोव्हेंबर संपत आला होता.” एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ती मुलगी काहीही लिहिते, सत्रा लोकांच्या हाती सत्रा कागद देत असते. तो हो म्हणाला. मग त्यानं बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि दारात म्हणाला, “मी आईला काही सांगणार नाही.”

आता तुला वाटत असेल की मी सांगेन. सांगण्यासारखं काही नाही. दवाखाना माझ्या वाटेवर पडतो, म्हणून कधीमधी पाकीट मी आणून द्यायचे, तसं तेही दिलं असेल. पाकीट बंद होतं. आणि समजा नसलं, तरी लोकांचे कागद वाचायची मला सवय नाही.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही हे लक्षात असू दे.

२७ एप्रिल

ताई,

पाकीट बंद नव्हतं. पाकीटच नव्हतं.

दवाखान्याबाहेर ते हिरवं बाकडं आहे, तिथे बसून मी तो कागद वाचला. माझ्या शेजारी एक बाई टोपलीत म्हातारा बोका घेऊन बसली होती आणि तो एकसारखा ओरडत होता. पहिली ओळ, लिली, सर्व प्रकार, जीवघेणी. मी ती ओळ तीनदा वाचली. कारण पान नऊ घरी टेबलावर पुरं होऊन पडलं होतं. डॉक्टर त्या खेपेला महिनाभर मजकूर घेऊन बसले होते, आणि वेळ वाया नको म्हणून मी चित्रं आधीच सुरू केली होती.

तुला त्या चित्राबद्दल काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. पांढऱ्या कागदावर पांढरं फूल जलरंगात काढायचं म्हणजे फुलाला हात लावायचा नसतो. भोवतालचं सगळं रंगवत जायचं, काच, पडदा, पिल्लाच्या मिशा, आणि कागद जिथे कोरा ठेवलास तिथे फूल उमलतं. एक थेंब आत गेला की गेलं. माझे दहा कागद फुकट गेले. अकराव्याला ते फूल आलं. चाळीस वर्षं मी ससे, बदकं आणि मांजरं काढते आहे, आणि खरं चित्र म्हणता येईल असं एवढं एकच काढलं. ते बघून मी खुर्चीवर बसून रडले होते, आनंदानं, एकटीच.

बाकड्यावर बसून मी काय ठरवलं ते लिहिते. मी ठरवलं की मी काही बोलायचं नाही. कागद ताईला द्यायचा. ताई यादी वाचेल. पुढच्या आठवड्यात मी चित्रं घेऊन जाईन तेव्हा ती पान नऊ बघेल आणि म्हणेल, अगं, हे फूल तर यादीत आहे, बदल ते. मग मी बदलेन. तू बघितलंस एवढं मला पुरलं असतं. मी कागदाची घडी घातली, तुझ्या घरी आले, फडताळावर ठेवला आणि म्हटलं, डॉक्टरांचं आलंय. तू म्हणालीस, “ठेव तिथे.”

आठ दिवसांनी चित्रं आणली. चष्मा कपाळावर. तुझा अंगठा पान नऊवर आला, सरकला, पान दहावर गेला. “छान.”

त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं मी. तुला वाटेल मी घाबरले, पण तसं नाही. मला आनंद झाला होता. फूल वाचलं, आणि ते तू वाचवलंस, न बघून. आता उद्या काही झालंच तर ते तुझ्यावर. असा विचार मी शब्दांत केला नाही, पण केला. घरी जाताना जिन्यात मी गुणगुणत होते.

भुरी मरेल असं मला वाटलं नव्हतं. चित्रातलं फूल कुणी खऱ्या मांजराजवळ नेऊन ठेवेल हेही नाही. पण मुलं चित्रात बघून तसंच करतात हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू, त्यासाठीच तर आपण ती पुस्तकं करायचो. पिल्लाला कसं उचलायचं ते ठमी माझ्या चित्रावरूनच शिकली होती, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. भुरीला तिनं बरणीजवळ नेऊन बसवलं ते तसंच उचलून.

तू यादी गाळलीस, ते चूकच होतं. पण तू अजाणता केलंस. मी जाणून.

अट मागे घेतली. नवं पान रात्री बसून केलं. पिल्लू आहे, खिडकी आहे, बरणी नाही. फार बरं झालेलं नाही, पण कुणाला इजा करणार नाही. उद्या ऑफिस उघडायच्या आधी जाऊन बसते. तुला काही लिहून द्यायला नको.

६ जून

ताई,

हे पत्र तू फोडणार नाहीस. तुझ्या मुलानं सांगितलं. माझं मार्चमधलं पहिलं पत्र तेवढं तू वाचलंस, आणि पुढची सगळी तुझ्या कपाटावर पडून आहेत, न फोडता, वर टॉर्च ठेवून. मी तुला नाही लिहिलं तर कुणाला लिहू हे मला कळत नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी नवं पान घेऊन गेले तर संपादकबाई म्हणाल्या, अहो, फाइल ठरल्याआधीच, काल छापखान्यात गेली. मी म्हटलं, पान नऊ? त्यांनी खण उघडून तुझं पत्र दाखवलं. तारीख १४ मार्च. म्हणजे माझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तू स्वतः जाऊन देऊन आलीस. नंतर दीड महिना मी पेटी उघडत बसले, तुला टोचून टोचून लिहीत बसले, आणि मी मागितलं ते तू कधीच देऊन टाकलं होतंस. माझ्यापाशी बोलायचं नाही असं बाईंना बजावून. आणि मागितल्यापेक्षा जास्त दिलंस. यादी मी गाळली, एवढंच मागितलं होतं मी. तू लिहिलंस की सगळी चूक माझी, बहिणीला पुन्हा चित्र काढायला सांगू नका, तिला त्रास होतो, ते चित्र नुसतं काढून टाका. तरी चित्र मिळालं तर बरं, म्हणून बाईंनी मला मधे एकदा विचारून बघितलं होतं. बदलता येत नाही पण काढून टाकता येतं, हे मला सुचलंच नव्हतं.

आता पुस्तक आलंय. पान नऊ कोरं आहे. खाली बारीक अक्षरात ‘इथे तुमच्या पिल्लाचं चित्र काढा.’ आणि शेवटच्या पानावर चौकटीत तुझ्या नावानं छापलंय, ‘या पुस्तकाच्या आधीच्या आवृत्तीत पान नऊवर एक घातक चूक होती. ती चूक माझी. चित्रकार बाईंचा तीत काहीही दोष नाही.’ मी ते ऑफिसात उभ्यानं वाचलं. बाईंना म्हटलं, हे खोटं आहे, काढा. त्या म्हणाल्या, आठ हजार छापून झाल्या, आणि तुमच्याच बाजूचं आहे की.

माझ्या बाजूचं. भेटतील ते मला सहानुभूती दाखवतात. वाचनालयातल्या बाईंनी रस्त्यात माझा हात हातात घेतला. मला इतका संताप येतो, ताई, की तुझं घर दिसलं तरी रस्ता बदलते. तू मला माझी चूकसुद्धा मिळू दिली नाहीस. तिच्यावरही तुझंच नाव छापून आलं.

हेही मी सहन केलं असतं. पण काल तुझ्या मुलाचा फोन आला. ठमी आता वाचायला लागली आहे, दिसेल ते वाचते, औषधाची बाटली, दुकानाची पाटी. नवं पुस्तक घरात आलं, ते तिनं मागून उघडलं, आणि चौकट वाचली. अडखळत, बोट ठेवून, सगळी. मग तुझ्याकडे जाऊन विचारलं, “आजी, म्हणजे भुरी तुझ्यामुळे गेली?” तू म्हणालीस, “हो.” त्यानंतर आज पंधरा दिवस ती तुझ्या खोलीत येत नाही. तू जेवायला बसलीस की ती ताट घेऊन दुसरीकडे जाते. तुझा मुलगा म्हणाला, “मावशी, आई तिच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि परत येते.” मी विचारलं, तू का नाही सांगितलंस तिला खरं? तो म्हणाला, “मी कसा सांगू? ते तुझ्याकडे आहे.”

म्हणून हे पत्र बाजूला ठेवते आणि एक दुसरं लिहिते. पाकिटावर ठमीचं नाव घालते. त्या घरात माझं पत्र फोडील अशी आता ती एकटीच आहे. तिला जोडाक्षरं अडतात, म्हणून एकही येऊ दिलेलं नाही. सकाळपासून बसले आहे, सात कागद फाडले, ‘डॉक्टर’सुद्धा लिहिता येत नाही. बारा ओळी लिहायला तुला तीन तीन महिने का लागायचे ते आज कळलं. मी कधी विचारलं नव्हतं.

६ जून

ठमी,

मी तुझी लहान आजी.

लिलीचं पान मी काढलं होतं. लिली मांजराला विष असते. हे मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.

मांजरं तपासणारे काका आहेत ना, तुझी भुरी बघायला आले होते ते. काकांनी तसं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद आजीआधी मी वाचला. मग घडी घातली आणि गप बसले. ते फूल मला फार आवडलं होतं. ते खोडायला माझं मन होईना.

आजीला ते फूल दिसलंच नाही. मला दिसत होतं.

तू बरणी खिडकीत ठेवलीस, भुरीला नीट उचलून जवळ बसवलंस. मी काढलं तसंच तू केलंस. तुझी काही चूक नाही.

आता हा कागद घेऊन आजीकडे जा. तिला वाचून दाखव. जोरात वाच. ती मधेच उठायला लागेल. हात धरून तिला खाली बसव.

शेवटची ओळ आजीसाठी आहे. ती पण तूच वाच.

ताई, मला माहीत होतं.